मंगलाष्टकांसाठी पिक

रेजिना
७ डिसेंबर २०२५

ती. दादास,
शुभदाचा नमस्कार.

अक्षर बघून घाबरू नकोस. कागदावरून कोंबडी गेलेली नाही, मीच लिहिलंय. मी फोन उचलत नाही अशी तू तुझ्या लाडक्या मेहुण्याकडे, संजयकडे, तीनदा तक्रार केलीस म्हणे. नाही उचलत. जो तो एकच विचारतो, "आता बोट कसं आहे?" अरे, बोट राहिलंय कुठे? उजव्या हाताच्या पहिल्या बोटाचं वरचं पेर गेलं. उरलंय ते थोटूक. ते कसं आहे हे रोज काय सांगायचं? हँड थेरपिस्टने फर्मावलंय, पेन अंगठा आणि मधल्या बोटात धरून रोज एक पान लिही. ग्रोसरीच्या याद्या लिहून कंटाळले, म्हणून तुला पत्र. तूही पत्रानेच उत्तर दे, म्हणजे मला पुढच्या पानाला विषय मिळेल.

कसं झालं ते संजयने तुला सांगितलं असेल, म्हणजे स्वतः आत चहा पीत बसला होता एवढं सोडून. नोव्हेंबरातला पहिला मोठा बर्फ, ओला, जड. स्नोब्लोअरचं, त्या बर्फ उडवायच्या मशीनचं, तोंड चोंदलं. मी इंजिन बंद केलं. बंद म्हणजे बंद, एवढी अक्कल आहे मला. बर्फ उकरायची प्लॅस्टिकची दांडी मशीनलाच अडकवलेली होती, पण ती काढायला कोण बसतंय? घातला हात. इंजिन बंद असलं तरी आतल्या पात्यावर ताण राहतो, हे बत्तीस वर्षं या बर्फाच्या देशात राहूनही मला माहीत नव्हतं. बर्फ सुटला आणि पातं एकदा फिरलं. एकदाच. माझी चूक होती, मान्य. त्याची शिक्षा झाली, संपलं.

पण दादा, संपत नाहीये ना! त्या दिवसापासून सगळे माझ्या हातातून वस्तू काढून घेऊन राहिलेत. संजय चाकू काढून घेतो. अनुया वीकेंडला आली की किटली काढून घेते, वर "मॉम, सिट" म्हणते. शेजारीण परवा माझ्या हातून माझ्याच गाडीची किल्ली घेऊन दार उघडून देत होती. अगं बाई, मला काय झालंय? सहा महिन्यांचं बाळ आहे का मी?

आता मुद्द्याचं. ११ एप्रिलला अनुयाचं लग्न. निमिषच्या घरचे ग्वेल्फहून येणार, हॉल ठरला, गुरुजी ठरले. मंगलाष्टकं मी लिहिलीत, पाच कडवी. गाणार मी आणि गिटारही मीच वाजवणार. ही गोष्ट अनुया दहा वर्षांची असताना ठरलीय. गिटार ठीक आहे, डावा हात ठीक आहे, कॉर्ड सगळ्या लागतात. अडलंय ते पिकपाशी, तारा छेडायच्या त्या चपट्या चकतीपाशी. माझा जुना पिक दोन बोटांत राहतच नाही, चार वेळा हात फिरवला की निसटतो. तू ऑर्केस्ट्रावाला. स्ट्रमिंगसाठी आता कोणता पिक घेऊ ते सांग.

वाजवू की नको, हे विचारलेलं नाही. ते लक्षात ठेवून उत्तर लिही.

प्रभावहिनींना नमस्कार.
तुझी,
शुभदा


व्हिटबी
२० डिसेंबर २०२५

चि. शुभदास,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. अक्षर लहानपणी होतं त्यापेक्षा फार वाईट नाही.

पिकचं म्हणशील तर त्याचं शास्त्र आहे. तुम्ही लोक दुकानात जाता आणि रंग बघून उचलता. पिकची खरी गोष्ट म्हणजे जाडी. एकेक तार छेडून सुरावट वाजवायची असेल तर जाड पिक. सगळ्या तारांवरून हात फिरवायचा, म्हणजे तुझं स्ट्रमिंग, तर पातळ. पातळ पिक तारेला लागला की वाकतो, तारा अडत नाहीत, मनगटावर ताण येत नाही. नागपुरात आमच्या 'स्वरविहार' ऑर्केस्ट्रात मी अकरा वर्षं रिदम धरला तो पातळ पिकवरच. धनवटे रंगमंदिरात लोकांनी शिट्या मारल्या होत्या, तुला आठवत असेल.

सोबत सहा पिक पाठवतोय. चार आहेत पॉइंट थ्री एट मिलिमीटरचे, दोन पॉइंट फोर सिक्सचे. यापलीकडे जाऊ नकोस. जाड पिकने तुझ्या जखमेवर धक्के बसतील.

आणि एक सांगू का? तू विचारलं नाहीस तरी मोठा भाऊ म्हणून सांगतो. लग्नात मुलीच्या आईला हजार कामं असतात. ऐन वेळी पिक हातून उडाला, दोनशे माणसांसमोर तू खाली वाकून शोधत बसलीस, तर ते बरं दिसेल का? हल्ली सगळे ट्रॅक वापरतात. आधीच रेकॉर्ड करून ठेवायचं, बटण दाबायचं. तू नुसतं गायलीस तरी कमीपणा नाही. तुझा स्वभाव मला माहीत आहे, म्हणून हात जोडून सांगतो, हट्टाला पेटू नकोस.

इकडे तळ्यावरून वारा सुटलाय. विंटर टायर लावून घेतले. प्रभाचा गुडघा दुखतोय.

तुझा,
दादा


रेजिना
८ जानेवारी २०२६

ती. दादास,
नमस्कार.

तुझ्या सहा पिकांपैकी दोन राहिलेत. चार मी मोडले. मुद्दाम नाही, वाजवता वाजवता दुमडले आणि गेले. राहिलेल्या दोनांवर मी आठवडाभर रोज तासभर बसले. आवाज कसा येतो सांगू? सायकलच्या चाकात पोरं पत्ता अडकवतात ना, तसा. फडफड, फडफड. गिटारचा आवाज मागे, पिकचाच पुढे. संजय शेजारच्या खोलीतून विचारतो, "सुरू केलंस का?" अरे, मी पहिलं कडवं संपवत आले होते!

मी काही ऑर्केस्ट्रात नव्हते. तू ऑफिसला गेलास की तुझी गिटार काढून शिकले, तेवढंच माझं शिक्षण. पण मला एक सांग. चाळीस वर्षं वाजवणाऱ्या माणसाला हे कळत नाही का, की पॉइंट थ्री एटवर हॉल भरत नाही? मंगलाष्टकांना शेवटच्या रांगेतल्या मावशीबाईंपर्यंत ताल पोचला पाहिजे, नाहीतर अक्षता कधी टाकायच्या ते त्यांना कळणार कसं?

मग चिडून मी दुकानातच गेले. मायनस एकतीस होतं, संजय "उद्या जा" म्हणत होता, म्हणून आजच गेले. तिथे गिटार दुरुस्त करायला पद्मजा नावाची बाई असते. नाशिकची, चाळिशीची, फटकळ. मला आवडली. मी सांगितलं, असं असं बोट आहे आणि असं असं लग्न आहे. तिने "अरेरे" म्हटलं नाही. हात पुढे करा म्हणाली, थोटूक दाबून बघितलं आणि विचारलं, "तुम्हाला पातळ पिक कुणी दिला?"

मी म्हटलं, मोठ्या भावाने.

ती म्हणाली, "एरवी चूक नाही. पण पातळ पिक वाकतो, आणि वाकलेला पिक सावरायचं काम पहिल्या बोटाचं टोक करतं. तेच तुमच्याकडे नाही. जाड दिला असता तर तो वाकलाच नसता, तारेचा सगळा धक्का चिमटीत आला असता आणि पिक गर्रकन फिरला असता. तुम्हाला मधला पाहिजे. आणि मोठा."

तिने एक तिकोनी पिक काढला. नेहमीच्या दुप्पट, समोशासारखा. पॉइंट सेव्हन थ्री, नायलॉनचा, मधे खरखरीत. तो अंगठा एका बाजूला आणि मधलं नि तिसरं बोट दुसऱ्या बाजूला, असा धरायचा. टोक अगदी एवढंसं बाहेर. मी धरला आणि असा आवळला की नखं पांढरी पडली. तर म्हणाली, "काकू, रांगोळी काढता ना? चिमूट आवळली तर रांगोळी पडेल का?"

दादा, मी तिथेच उभ्या उभ्या पहिलं कडवं वाजवलं. दोन ओळींनंतर पिक निसटला, ते खरं आहे. पण त्या दोन ओळी वाजल्या रे! मला रडू आलं. पद्मजाबाईंनी टिश्यू दिला आणि म्हणाल्या, "डोळे पुसा आणि परत धरा."

असे दहा पिक घेऊन आलेय. तुझे दोन परत पाठवतेय.

शुभदा


व्हिटबी
२५ जानेवारी २०२६

चि. शुभदास,
आशीर्वाद.

पत्र वाचलं. दुकानातल्या माणसांना विकायचं असतं, एवढंच म्हणतो. तिकोनी पिक बेस गिटार वाजवणारे वापरतात. मी तर रिदमला कुणाच्या हातात पाहिला नाही. दोन ओळींनंतर निसटला हे तूच लिहिलं आहेस. पाच कडव्यांच्या वीस ओळी होतात, हिशेब तूच कर.

परत पाठवलेले पिक मी ठेवून घेतले आहेत. मला राग आलेला नाही.

थकत असशील तर थांब. थेरपिस्टने लिहायला सांगितलंय, वाजवायला नाही. प्रभाही तेच म्हणते.

बाकी एक विचारायचं होतं. मंगलाष्टकं तू कोणत्या पट्टीत गातेस? पट्टी चढवायला तो कॅपोचा चिमटा कितव्या घरात लावतेस? ओळीच्या बाराव्या अक्षरानंतर श्वास घेतेस तिथे हात थांबतो की चालू राहतो? सहज विचारतोय. जमलं तर फोनवर एकदा गाऊन रेकॉर्ड करून पाठव, म्हणजे मला कल्पना येईल.

निमिषच्या आईवडिलांना साडी आणि कुर्ता प्रभाने घेतलाय. थंडी जपून.

दादा


रेजिना
५ फेब्रुवारी २०२६

दादा,

आज नमस्कार नाही.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा तुझ्या पिकच्या ज्ञानावर चिडले. दुसऱ्यांदा कॅपोपाशी थांबले. मी कॅपो कितव्या घरात लावते हे तुला काहून पाहिजे? पट्टी काहून पाहिजे? श्वास कुठे घेते ते सहज विचारतो होय? ऐकणारा माणूस असं विचारत नाही. असं विचारतो तो वाजवणारा.

मी अनुयाला फोन लावला. म्हटलं, मामाने सगळं सांगितलंय मला. खोटं बोलले, बोलले तर बोलले. ती रडायलाच लागली. "मॉम, आय जस्ट डिडन्ट वॉन्ट यू टू गेट हर्ट." म्हणजे नाताळच्या आधीच तिने तुला विचारलं, मामा, तू वाजवशील का, आईला सांगू नको. आणि तू हो म्हणालास. वहिनींनाही माहीत. संजयलाही माहीत! माझ्या घरात, माझ्या हातचं जेवून, मला बघत बघत तो माणूस दीड महिना गप्प बसला. काल मी त्याला फक्त भात वाढला. वरण मागितलं नाही त्याने.

म्हणजे तुझा पातळ पिक! तो तू चुकून पाठवला नाहीस. तुला माहीत होतं आवाज निघणार नाही. मी फडफडत बसेन, कंटाळेन, स्वतःहून गिटार भिंतीला लावून ठेवेन आणि कुणाला काही बोलावं लागणार नाही. सगळ्यांनी चाकू काढून घेतला, किटली काढून घेतली, तो मला न दुखवता गिटार काढून घेणारा हुशार माणूस तू निघालास. बाकीच्यांनी निदान समोरून घेतलं रे.

तुला वाटतं मी हट्ट करतेय. हो, करतेय. अनुयाच्या बारशाला मी दोन कॉर्डवर पाळणा म्हटला. तिच्या शाळेतल्या प्रत्येक दिवाळीला मी वाजवलं, तेव्हा या गावात मराठी घरं मोजून सहा होती आणि पेटीवाला एकही नव्हता. आता लेकीच्या लग्नात मी साडी नेसून खुर्चीत बसू? आणि लोक येऊन माझा हात बघतील, "आता कसं आहे" विचारतील? मला माझ्या लेकीच्या लग्नात पाहुणी व्हायचं नाही. पिक पडला तर पडेल. वाकून उचलीन. वाकायला बोट लागत नाही.

आणि आता एक ऐक, आणि मग तुम्ही तिघं चौघं मिळून स्वतःच्या कपाळावर हात मारून घ्या. मंगलाष्टकं चालू असताना मुलीचा मामा कुठे असतो रे दादा?

तिला मांडवात कोण आणतं? अंतरपाट धरल्यावर तिच्या मागे कोण उभं राहतं, शेवटपर्यंत? तू. तुझ्याशिवाय दुसरा मामा नाही तिला. तू तिच्या पाठीशी उभा राहणार की कोपऱ्यात स्टुलावर बसून कॉर्ड धरणार? दीड महिना कट केलात, साडी कुर्ते घेतलेत, पट्टी विचारलीत, आणि हे एकालाही आठवलं नाही! अनुयाला माहीत नसेल, ती इथे जन्मली. तुला? वहिनींना?

मला उत्तर नको.

शुभदा


व्हिटबी
२२ फेब्रुवारी २०२६

चि. शुभदास,

उत्तर नको म्हणालीस तरी लिहितोय. तुझं पत्र मी प्रभाला वाचून दाखवलं. मामाच्या जागेपाशी आलो तशी ती हसायला लागली, तिला आवरेना. नंतर मीही हसलो. 

तू लिहिलंस ते सगळं खरं आहे. पिक मी जाणूनबुजून पाठवले. पॉइंट सेव्हन थ्रीचे माझ्या डब्यात आठ होते, त्यातला एकही घातला नाही. अनुया फोनवर रडली हे एक कारण झालं. दुसरं कारण तिला माहीत नाही, तुलाच सांगतो. मला वाजवायचं होतं. रिटायर होऊन चार वर्षं झाली. मला कुणी कुठे वाजव म्हणत नाही. मंडळाच्या कार्यक्रमात आता पोरं ट्रॅक लावतात. भाचीने विचारलं तर मी लहान मुलासारखा खूश झालो आणि तू दिसेनाशीच झालीस मला. याची लाज वाटते.

तुझं पत्र आल्यावर मी एक केलं. पहिलं बोट दुमडून टेपने तळव्याला चिकटवलं आणि तू म्हणतेस तसा तिकोनी पिक आणून वाजवायला बसलो. मी, अकरा वर्षं ऑर्केस्ट्रात रिदम धरणारा. तीन ओळींच्या पुढे गेलो नाही. पिक फिरला, पडला, टेप घामाने सुटली, मी प्रभावर ओरडलो. दुसऱ्या दिवशी परत बसलो, परत तेच. आठवडाभर केलं आणि सोडून दिलं. मला टेप सोडता येत होती म्हणून मी सोडून दिलं.

त्या आठवड्यात दोन गोष्टी कळल्या, त्या लिहितो. मानायच्या की नाही ते तू बघ. एक, पिक तारांना सरळ लावू नकोस, किंचित तिरका ठेव, म्हणजे तो तारांवरून घसरतो आणि अडकत नाही. दोन, निसटतो तो हात खाली येताना नाही, वर जाताना. वर जाताना सहाही तारांना लावू नकोस. खालच्या दोन तीन तारांना लागला तरी कानाला पूर्ण ऐकू येतं.

मी मामा म्हणून येतो आहे.

दादा


रेजिना
१५ मार्च २०२६

ती. दादास,
नमस्कार. हा आज मनापासून आहे, पण सगळं माफ केलंय असं समजू नकोस. पातळ पिक मी मरेपर्यंत काढत राहणार.

वर जाताना दोन तारांचं मानलं. तिरक्याचंही मानलं. पद्मजाबाईंना दाखवलं तर म्हणाल्या, "भाऊ वाजवतात वाटतं?" मी म्हटलं, वाजवायचा.

आता पाचच्या पाच कडवी होतात. रोज नाही, तीन दिवसांतून दोन दिवस. थोटकाला पिकची कड घासून घट्टा पडलाय. थेरपिस्टला तो घट्टा फार आवडला, तिने फोटो काढला. बाराव्या अक्षराला मी हात थांबवते. तू विचारलं होतंस ना? घे, सांगते. "लाडाची अनुया निघे हसत ही" इथपर्यंत वाजवायचं, मग तारांवर तळवा ठेवून सगळं गप्प करायचं, आणि "बर्फातुनी चालली" म्हणताना परत उचलायचं. तेवढ्या थांबण्यात चिमूट नीट करून घेते. कुणाला कळत नाही.

अनुया मागच्या रविवारी समोर बसून ऐकत होती. दुसऱ्या कडव्यात पिक पडला. ती उचलायला धावली, मी म्हटलं बस खाली. बसली. मी उचलला.  तिच्या मनात अजून धाकधूक आहे, मला दिसतं. माझ्याही मनात आहे. पण किटली आता मीच उचलते आणि घरात कुणाची हिंमत होत नाही.

संजयला वरण सुरू केलंय.

बॅगेत गिटार आणू नकोस. फेटा आण.

शुभदा


व्हिटबी
१९ एप्रिल २०२६

चि. शुभदास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

सुखरूप पोचलो. प्रभाने लाडवांचा डबा विमानात मांडीवर घेतला होता, त्यातला एकही फुटला नाही.

निघताना विमानतळावर तू विचारलंस, की अंतरपाटापाशी नेमकं काय झालं, गुरुजींचं तोंड का उतरलं होतं. तेव्हा गर्दीत सांगितलं नाही. पत्रातच लिहायचं ठरवलं होतं, आपलं आता तेच बरं चाललंय.

पहिली दोन कडवी तू वाजवलीस तेव्हा मी अनुयाच्या मागे उभा होतो. मला तू दिसत नव्हतीस, मधे निमिषच्या मावश्या होत्या. नुसतं ऐकू येत होतं. शुभदा, काय मोकळा हात चालत होता तुझा! शेवटच्या रांगेपर्यंत ताल पोचत होता. मला तोंडावर कौतुक करता येत नाही, म्हणून इथे लिहितो. मी पट्टी विचारून, कॅपो विचारून जे वाजवलं असतं, ते याच्या निम्म्याने आलं नसतं.

तिसऱ्या कडव्यात आवाज बंद झाला. आम्हाला वाटलं पिक पडला. पडला असता तर तू उचलला असतास, पण तो गिटारच्या पोटातच गेला. लोकांना वाटलं कडवं संपलं. कुणीतरी अक्षता टाकल्या, मग सगळ्या हॉलने टाकल्या, निमिषच्या डोक्यावर तर मूठभर. मी मावश्यांच्या मधून वाकून बघितलं तर तू नऊवारीत उभी राहून गिटार उलटी धरून गदागदा हलवतेयस! दुसरा पिक कमरेला खोचलेला होता म्हणतेस, मग तो का नाही काढलास? का ते मला माहीत आहे. तुला तोच पाहिजे होता.

आता तुला माहीत नसलेलं सांगतो. ट्रॅक तयार होता. लग्नाच्या आदल्या दिवशी निमिषच्या मावशीकडून मी गाऊन घेतला आणि साउंडवाल्याला देऊन ठेवला. मी हात वर केला की लाव, असं त्याला सांगितलं होतं. मामा म्हणून येतो असं तुला लिहूनही हे केलं. माझा धीरच झाला नाही ग.

गुरुजींनी घड्याळ बघितलं. बारा सत्तावीसचा मुहूर्त, तीन मिनिटं उरलेली. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "मामासाहेब, काहीतरी लावा, मुहूर्त टळतोय." तुझ्या गिटारमधून खुळखुळ आवाज येत होता, लोक हसायला लागले होते, आणि मी हात वर केला. अर्धा केला. खांद्यापर्यंत.

अनुयाने मागे वळून बघितलं नाही. हार हातात धरून ती समोरच्या अंतरपाटाकडे बघत होती. माझा हात तिला कसा कळला ते मला अजून समजलेलं नाही. ती हळूच म्हणाली, "मामा, हात खाली." मी हात खाली घेतला. मग ती गुरुजींना म्हणाली, आणि हे हळू नाही, पुढच्या दोन रांगांना ऐकू जाईल असं म्हणाली,

"टळू दे मुहूर्त. माझी आई वाजवतेय."

तुझा,
दादा